आईची जेनेटिक टेस्ट दोन ठिकाणी केली, दोन्हींचा रिव्ह्यू (मोठा आहे, आधीच सांगते)

नावं लिहिणार नाहीये, ना पहिल्या कंपनीचं ना दुसऱ्या क्लिनिकचं. मला कुणाशी भांडायचं नाहीये आणि जाहिरातही करायची नाहीये. पण गेल्या दीड-दोन वर्षांत आम्ही जे काही केलं त्यातलं निम्मं टाळता आलं असतं असं आता वाटतं, म्हणून लिहितेय. घरात कुणाचा चालताना तोल जातोय, फिट येतात, हात थरथरतात आणि डॉक्टर म्हणालेत की एकदा जेनेटिक टेस्ट करून घ्या, अशांच्या कामाला येईल कदाचित.

आईचं सुरू झालं साधारण पन्नाशीत. आधी जिना उतरताना कठडा सोडेना, मग पाय जरा फाकवून टाकायला लागली, आम्ही म्हणायचो अगं वजन कमी कर. आई विणकाम करणारी, टीव्ही बघत बघत न मोजता टाके घालणारी बाई, तिचे टाके सुटायला लागले. एकदा अख्खी बाही उसवून परत घातली आणि परत चुकली तेव्हा सुया उचलून कपाटात ठेवल्या त्या ठेवल्याच. मग बोलणं जड झालं, फोनवर मैत्रिणी विचारायच्या झोपेतून उठलीस का.

सात वर्षं आम्ही काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. मानेचा पट्टा झाला, कानाचे डॉक्टर झाले, चक्करेच्या गोळ्या, बी १२ ची इंजेक्शनं. शेवटी एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलाय असं आलं आणि अटॅक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला, म्हणजे तोल आणि हालचालीचा ताळमेळ बिघडणं. त्या न्यूरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर लिहून दिलं, जेनेटिक टेस्ट करावी. कुठली ते लिहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, आम्हाला काय माहीत की जेनेटिक टेस्ट ही एक टेस्ट नसते, रक्ततपासणी म्हटल्यासारखं आहे ते, साखर बघायची की थायरॉइड ते कुणीतरी ठरवायला लागतं.

तर पहिली कंपनी. ऑनलाइन सापडली, वेबसाइट एकदम चकाचक, २०,००० जीन्स एकाच टेस्टमध्ये, घरबसल्या, वगैरे. किट घरी आलं. नळीत लाळ भरायची, खुणेच्या रेषेपर्यंत, आणि फेस मोजायचा नाही! आईचं तोंड एरवीच कोरडं पडतं, गिळायला त्रास, हात थरथरतोय, अर्धा तास ती बिचारी नळीत थुंकतेय आणि मी उजेडात नळी धरून रेष बघतेय की यातला फेस किती आणि लाळ किती. भावाने विनोद केला तेव्हा आई हसली आणि नळी कलंडली. परत पहिल्यापासून. याच कंपनीकडे रक्त घ्यायला माणूस पाठवायची सोय होती हे मला नंतर कळलं, फॉर्मच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतं.

रिपोर्ट आला ईमेलने, रात्री साडेअकराला, ८४ पानांची पीडीएफ. ना फोन ना काही. पहिल्या पानावर हिरव्या चौकटीत लिहिलेलं की आजाराला कारणीभूत ठरणारा बदल आढळला नाही. आम्ही तर खूश! चला, खानदानी काही नाही, वयानुसार होतंय. पुढच्या पानावर मात्र पिवळ्या चौकटीत एसवायएनई१ नावाच्या जीनमध्ये व्हीयूएस सापडल्याचं लिहिलेलं आणि खाली अटॅक्सियाशी संबंधित असंही. व्हीयूएस म्हणजे असा बदल ज्याचा अर्थ आज कुणालाच लागत नाही. २०१५ पासून अमेरिकन तज्ज्ञांच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक बदलाला पाचपैकी एक शिक्का मारतात, एका टोकाला नक्की घातक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी आणि मधोमध हा त्रिशंकू. मी तीन रात्री त्या जीनवर वाचत बसले होते, काहीही कळलं नाही आणि सगळंच कळल्यासारखं वाटून छातीत धडधडायला लागलं.

त्यावर कडी म्हणजे मेंदूचं आरोग्य नावाचं एक रंगीत पान, त्यात आईला एपीओई जीनची ई४ ही एक प्रत आहे, अल्झायमरचा धोका वाढलेला, असं छापलेलं. आम्ही विचारलं होतं का? नव्हतं. फॉर्ममध्ये त्याच्या चौकोनात आधीपासूनच बरोबरची खूण होती आणि मी ती काढली नाही, एवढाच माझा गुन्हा. आता आई तोल जातोय म्हणून टेस्ट करतेय आणि तिला अल्झायमरची भीती घालून मोकळे. ई४ असलेल्या कित्येकांना आयुष्यभर अल्झायमर होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो, धोका वाढतो पण ते काही ब्रह्मलिखित नाही, हे एक वाक्य कुणी फोन करून सांगितलं असतं तरी भावाचे दोन आठवडे वाचले असते. त्या टेस्टला कुठेच जागा नाही असं नव्हे हं, अल्झायमरसाठी लेकानेमॅबसारखी जी नवी औषधं आलीत ती देण्याआधी डॉक्टर एपीओई बघतात, कारण ई४ च्या दोन प्रती असतील तर मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका जास्त असतो. पण तिथे विचारणारा डॉक्टर असतो आणि विचारायला कारण असतं.

कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी गोड बोलली पण तिला रिपोर्टमधलं काही माहीत नव्हतं, म्हणाली मॅम तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आमचे डॉक्टर म्हणाले निगेटिव्ह आहे, छान. झालं, आठ महिने आम्ही गप्प.

आठ महिन्यांनी आई बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं, आणि त्या निमित्ताने एका दुसऱ्या, वयाने मोठ्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. आईला समोर बसवलं, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, मान न हलवता याच्याकडे बघा, आता उजवीकडे, आता डावीकडे. पेन झटकन गेलं आणि आईची नजर मागून हळूहळू येतेय, एखादी जड खुर्ची सरकवल्यासारखी. मध्येच ती डोळे मिचकावून मान वळवून चोरटेपणाने काम भागवत होती. सात वर्षं मी रोज आईच्या समोर बसतेय आणि मला हे दिसलं नव्हतं! डॉक्टर म्हणाले, हिचे डोळे संथ आहेत, आणि घरात अजून कुणाचे?

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी घरी येऊन शोधलं. १९७१ साली मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी नऊ कुटुंबांचा अभ्यास छापला होता, पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार आणि त्यासोबत डोळ्यांच्या संथ हालचाली. तेव्हा जीन वगैरे हाताशी काहीच नव्हतं, नुसतं बघून, पेन हलवून त्यांनी हा प्रकार वेगळा काढला. आज त्या प्रकाराला एससीए२ म्हणतात आणि त्याचा जीन १९९६ मध्ये सापडला, १२ व्या गुणसूत्रावरचा एटीएक्सएन२. क्यूबातल्या ओल्गीन भागात हा आजार जगात सगळ्यात जास्त आढळतो. म्हणजे आमच्या ८४ पानांत जे नव्हतं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या डोळसपणात होतं, हे मला फार लागलं.

मी विचारलं की पण डॉक्टर, २०,००० जीन्स तपासले ना? ते म्हणाले शेवटचं पान वाचा. खरंच शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, या पद्धतीत रिपीट एक्सपान्शन (जीनमधला एखादा छोटा तुकडा जास्त वेळा येणं) तपासले जात नाही असं लिहिलेलं. यासाठी त्यांनी आम्हाला एका जेनेटिक क्लिनिककडे पाठवलं, ती दुसरी सर्व्हिस, आणि खरा रिव्ह्यू तिचा.

तिथे पहिल्या दिवशी रक्त घेतलंच नाही. काउन्सेलर मॅडमनी एक कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि एक तास दहा मिनिटं (मी घड्याळ बघितलं कारण पार्किंगची काळजी होती) नुसती आमची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, ज्याला त्रास तो काळा भरायचा. कोण किती वर्षांचा, कशाने गेला, शेवटी चालत होता का, अक्षर बदललं होतं का. आईच्या वडिलांपाशी आलो तेव्हा आई गप्प झाली. आप्पांबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत कुणी. मी लहान होते तेव्हापासून एवढंच ऐकलेलं की आप्पा शेवटी शेवटी प्यायला लागले होते, भिंत धरून घरी यायचे, बोलताना जीभ अडखळायची, आजी त्यामुळे माहेरच्यांशी तुटली. मॅडमनी शांतपणे विचारलं, काकू, तुम्ही त्यांना पिताना कधी बघितलंय का? आई म्हणाली नाही, पण सगळेच म्हणायचे. मॅडमनी काही न बोलता चौकोन अर्धा काळा केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मग रिपीट्सचं समजावलं, आणि इतकं छान की आईलाही कळलं. जीनमध्ये अक्षरं असतात तशी काही जीन्समध्ये तीन अक्षरांचा एक तुकडा, इथे सीएजी, पुन्हा पुन्हा येतो. एटीएक्सएन२ मध्ये तो बहुतेकांना २२ वेळा असतो. ३३ किंवा त्याहून जास्त झाला की आजार, आणि जितका आकडा मोठा तितकं साधारण लवकर सुरू होतं. पहिल्या कंपनीची टेस्ट शुद्धलेखन तपासणाऱ्यासारखी, एखादं अक्षर चुकलंय का, गळलंय का ते बघते, पण तोच तुकडा किती वेळा छापलाय हे ती सहसा मोजतच नाही, कारण डीएनएचे छोटे छोटे तुकडे करून वाचतात आणि सारखेच दिसणारे तुकडे जोडताना कुठला कुठे बसवायचा ते कळत नाही. मोजायला वेगळी पद्धत लागते, पीसीआरने तो भाग वाढवून लांबी बघायची. आई पटकन म्हणाली, म्हणजे त्यांनी वीण बघितली, टाके मोजले नाहीत. मॅडम इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, अगदी बरोबर, मी हे पुढच्या पेशंटला सांगणार. अजून एक सांगितलं जे मला फार आवडलं, निरोगी माणसाच्या २२ मध्ये सगळे सीएजी नसतात, साधारण आठ झाले की एक सीएए, मग चार, परत एक सीएए, मग आठ. मधली ती वेगळी अक्षरं गाठीसारखी ओळ धरून ठेवतात. गाठी नसल्या की पुढच्या पिढीला देताना ओळ घसरते, वाढते, आणि एससीए२ मध्ये वडिलांकडून येताना जास्त वाढते. आप्पांना साठीत, आईला पन्नाशीत, याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला आणि मी माझं वय मोजलं. मोजलं जातंच.

नुसतं अटॅक्सिया नाही, अशा मोजायच्या आजारांची मोठी रांग आहे. हंटिंग्टन, म्हणजे हातापायांच्या नकळत हालचाली आणि बुद्धीवर परिणाम करणारा खानदानी आजार, त्यात एचटीटी जीनमध्ये तेच सीएजी, ४० किंवा जास्त असले की आजार होणारच, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाही. तो ४ थ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये कळलं, व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी त्यासाठी रक्त दिलं, आणि प्रत्यक्ष जीन हातात यायला १९९३ उजाडलं. फ्रीडरायख अटॅक्सियात जीएए हा तुकडा वाढतो. आणि मॅडम म्हणाल्या की काकूंचं यात काही नाही निघालं तर एफजीएफ१४ बघू, उतारवयात सुरू होणाऱ्या अटॅक्सियाचं हे कारण अगदी आत्ता, २०२२-२३ च्या सुमारास उघड झालं, आणि त्यातल्या बऱ्याच पेशंटना ४-अमिनोपिरिडीन नावाच्या औषधाने आराम पडतो. म्हणजे २०२० मध्ये निगेटिव्ह आलेला माणूस आज निगेटिव्ह असेलच असं नाही. जुना रिपोर्ट असलेल्यांनी हे वाक्य परत वाचा.

एसवायएनई१ चा निकाल दोन मिनिटांत लागला. तो जीन प्रचंड मोठा, त्यामुळे असे निरर्थक बदल त्यात सारखेच सापडतात, आणि त्याचा आजार व्हायला आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, आमच्याकडे एकाच प्रतीत बदल. तीन रात्री माझ्या, आणि दोन मिनिटं त्यांची.

जेनेटिकच्या आधी डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई ची साधी रक्ततपासणीही करायला लावली. टीटीपीए जीन बिघडला की शरीर व्हिटॅमिन ई टिकवूच शकत नाही, अटॅक्सिया होतो, आणि मोठ्या डोसने तो थांबवता येतो. आईचं नॉर्मल आलं, पण सात वर्षांत हे कुणीच बघितलं नव्हतं.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही. पहिली आणि सगळ्यात मोठी, ज्या क्लिनिकमध्ये तोल जाणारी माणसं येतात तिथे दारात चार पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना डाव्या हाताला, आईचा डावा हात प्लास्टरमध्ये! टॉयलेटची फरशी गुळगुळीत. मी लेखी दिलं, पुढच्या वेळी रबरी मॅट होती, कठडा अजून नाही. दुसरी, पहिलं सॅम्पल गोठलं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती हलकेच उलटीपालटी करायची असते, ती केली नसणार, लॅबने परत मागवलं, त्यात सहाचे नऊ आठवडे झाले आणि हे आम्हाला आम्ही फोन केल्यावर कळलं. तिसरी, रिसेप्शनवाल्याने भर वेटिंगमध्ये मोठ्याने विचारलं, तुमचं वंशपरंपरागतवालं ना? सगळ्यांनी माना वळवल्या. अरे बाबा.

रिपोर्ट ते फोनवर सांगत नाहीत, ईमेलही करत नाहीत आधी. मी जाम चिडले होते, नऊ आठवडे थांबलोय आणि अजून अपॉइंटमेंट? आता वाटतं बरं केलं. रिपोर्ट दीड पानाचा. एटीएक्सएन२, २२ आणि ३७. बस. बावीस आजीकडून, सदतीस आप्पांकडून. मॅडमनी पेन्सिल घेऊन तो अर्धा चौकोन पूर्ण काळा केला. आई बराच वेळ कागदाकडे बघत होती, मला वाटलं रडेल, मी टिशू शोधतेय. ती म्हणाली, म्हणजे आप्पा पीत नव्हते.

त्या संध्याकाळी तिने मावशीला फोन करून पहिलं हेच सांगितलं. स्वतःच्या आजाराचं नंतर.

लोक विचारतात मग फायदा काय, औषध आहे का. एससीए२ थांबवणारं औषध आज नाही, हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, लपवलं नाही. पण काय झालं ते सांगते. चक्करेच्या गोळ्या बंद झाल्या, त्यातल्या एकीने तिला उलट सुस्ती येत होती. मानेचा पट्टा टाकून दिला. तोल सांभाळायचे व्यायाम रीतसर सुरू झाले, आठवड्याला तीनदा, आणि त्याने फरक पडतो हे आम्ही बघतोय. गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट, कारण यात ठसका लागून छातीत संसर्ग होणं हे तोल जाण्याइतकंच धोक्याचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शोध थांबला. दर सहा महिन्यांनी नवीन डॉक्टर, नवीन स्कॅन, कुणाचातरी नातेवाईक सुचवतो तो उपाय, हे थांबलं ना, तेच मोठं औषध वाटतं.

आणि आमच्या नशिबी नसलं तरी याच टेस्टने दुसऱ्या आजारांत औषधच बदलतं. वेटिंगमध्ये शेजारी एक बाई होत्या, मांडीवर चार वर्षांचा मुलगा, डोक्याला मऊ हेल्मेट. त्याला पहिल्या वर्षापासून फिट्स, ताप आला की जास्त. नेहमीचं फिटचं औषध चालू होतं आणि फिट्स वाढतच होत्या. एससीएन१ए मध्ये बदल निघाला, ड्रावे सिंड्रोम, आणि त्यात सोडियम चॅनल बंद करणारी औषधं, म्हणजे कार्बामॅझेपीन वगैरे, उलट त्रास वाढवतात. ते काढून दुसरं दिलं. त्या म्हणाल्या बरा नाही झाला पण महिन्याचे आकडे खाली आले, आणि मग वही उघडून दाखवली, तारखांसमोर रेघा मारलेल्या, पानं आधी गच्च आणि मग विरळ विरळ होत गेलेली. दुसऱ्या एका जीनमध्ये, केसीएनक्यू२ मध्ये, बहुतेकदा उलटं असतं, तिथे हीच सोडियम चॅनलवाली औषधं उपयोगी पडतात. तान्ह्या बाळांच्या काही फिट्स तर नुसत्या बी६ व्हिटॅमिनने थांबतात, त्याचं कारण एएलडीएच७ए१ जीन. डोपाला प्रतिसाद देणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून हातपाय वाकडे होणं) म्हणून एक प्रकार आहे, मुलं सेरेब्रल पाल्सी समजून वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर असतात आणि लेवोडोपाच्या थोड्याशा डोसने चालायला लागतात. एसएमए, म्हणजे लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जाणारा आजार, त्याचं तर सगळ्यांनी ऐकलंय, डिसेंबर २०१६ मध्ये नुसिनर्सेनला अमेरिकेत मान्यता, २०१९ मध्ये एकदाच द्यायची जीन थेरपी, २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लाम. त्यातही लक्षणं दिसायच्या आत दिलं तर फरक जमीन-अस्मानाचा, म्हणून तर जन्मल्याबरोबर तपासायचा आग्रह. एएलएसमध्ये (हालचालीच्या नसा मरत जाऊन स्नायू निकामी होतात तो आजार) एसओडी१ जीन बिघडल्याचं १९९३ मध्ये कळलं आणि त्या जीनवरचं औषध टोफर्सेन मान्य झालं २०२३ मध्ये, तेही एएलएसच्या साधारण शंभरात दोघांनाच लागू. तीस वर्षं. एटीएक्सएन२ सापडून किती झाली ते मी मोजून ठेवलंय.

आता घरातलं. माझ्या मावसभावाने माझ्या आईचा निकाल ऐकून परस्पर त्याच पहिल्या कंपनीचं किट मागवलं. मी सांगितलं त्यात हे दिसत नाही, तर तो आमच्या क्लिनिकला गेला. तिथे त्यांनी रक्त घेतलं नाही, विचारलं, तुमच्या आईला माहितेय का? कारण मावशीला आज काही त्रास नाही आणि तिने स्पष्ट सांगितलंय मला काही कळवू नका. पण मुलाच्यात वाढलेला आकडा निघाला तर तो आईकडूनच आला असणार, म्हणजे न विचारता तिचाही निकाल लागला. तो वैतागला, माझं रक्त आहे, माझा हक्क आहे. मॅडम म्हणाल्या, हक्क तुमचाच आहे, मी नाही म्हणत नाही, पण ती अंगठी एकट्याने गिळणार का ते ठरवून या. अंगठी का म्हणाल्या कुणास ठाऊक, पण आमच्यात आता तोच शब्द झालाय. दोन महिने झाले, तो अजून मावशीशी बोललेला नाही.

भाऊ आणि वहिनी बाळाचा विचार करतायत म्हणून त्याने टेस्टची प्रक्रिया सुरू केलीय. निरोगी वाटणाऱ्या माणसाची टेस्ट ते वेगळ्या पद्धतीने करतात, हंटिंग्टनसाठी जी शिस्त बसवली गेली तीच धरून, आधी काउन्सेलिंग, मग विचाराला वेळ, निकाल समोरासमोर, सोबत कुणीतरी, आणि निकालाच्या दिवशी दारापर्यंत येऊनही परत जायची मुभा. विम्याचा विचार आधी करा, नियम देशागणिक वेगळे आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. त्याच्यात निघालं तर आयव्हीएफ करून गर्भ तपासून मग रोपण हा रस्ता आहे. माझी मुलगी १४ वर्षांची, मी भीत भीत विचारलं तिचं करता येईल का, तर मॅडमनी सरळ नाही म्हटलं. ती मोठी होऊन स्वतः ठरवेल. मला राग आला, मग रात्री नाही आला. माझं स्वतःचं? पन्नास टक्के, नाणं हवेत आहे, आणि मला ते अजून खाली पडायला नकोय. मॅडम म्हणाल्या याला मुदत नाही. पेन मात्र मी आरशासमोर दोनदा हलवून बघितलंय, खोटं कशाला बोलू.

तारे द्यायचेत तर कंपनीला दीड, तोही अर्धा त्या शेवटच्या पानासाठी, निदान लिहिलं तरी होतं. क्लिनिकला साडेचार, कठडा बसवला की पाच करेन.

जाणार असाल तर घरातल्या जुन्या माणसांचे चालतानाचे व्हिडिओ शोधून न्या, लग्नाच्या कॅसेटमध्ये हमखास सापडतात, आमच्यात आप्पा स्टेजच्या पायऱ्या चढताना मिळाले, ११ सेकंद. मॅडमनी चारदा बघितला. आणि एमआरआयची फिल्म न्या, सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.